गाठोड्यातलं झबलं

माझ्या ओट्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं ठेवणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारते. "हे कपडे कोणाचे?" लोकांना या प्रश्नाचा राग येतो. गोधडी शिवायला दिली, चौकशी करायला नाही, असं तोंडावर म्हणणारी माणसंही भेटली. पण मी विचारते. अमडापुरात इतकी वर्षं हे काम केल्यावर एवढं मला कळलं आहे की माणूस तोंडानं लपवतो ते त्याच्या गाठोड्यात सापडतं.

ज्यांनी गोधडी फक्त पांघरली आहे, त्यांच्यासाठी आधी थोडं कामाबद्दल सांगते. कपडे आले की गरम पाण्यातून काढायचे. बटणं, हुक, चेन उसवून काढायच्या, नाहीतर सुया मोडतात. प्रत्येक खिशात हात घालायचा. सुपारीचं खांड, एसटीची तिकिटं, अर्धी खाल्लेली गोळ्यांची पट्टी, काहीही निघतं. मऊ झालेलं सुती कापड गोधडीच्या पोटात जातं आणि दणकट कापड वर येतं. जमिनीवर सगळे थर अंथरून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि कडेकडून धावदोरा घालत मध्याकडे सरकायचं. वरची नक्षी सगळ्यात शेवटी. उरलेल्या चिंध्यांमधून चिमण्या, आंबे, कमळं कातरायची, कापडाची कड नखानं आत मुडपायची आणि टाका दिसणार नाही अशी शिवायची. माझी चिमणी लोक लांबून ओळखतात. तिची मान थोडी वाकडी असते. सुरुवातीला ती कातरता येत नव्हती म्हणून वाकडी झाली, आणि आता सरळ केली तर गिऱ्हाईक म्हणतं, "ही तुमची नाही."

संशय हा या धंद्याचाच भाग आहे. दुसऱ्याच्या हाती अंगावरचे कपडे द्यायचे म्हणजे खेड्यात साधी गोष्ट नाही. केस, नखं आणि अंगावरचं कापड, या तीन गोष्टींवर करणी होते असं लोक मानतात. चिखलीकडच्या एका मोठ्या शेतकरी घरच्या बाई गोधडी होईपर्यंत रोज माझ्यासमोर येऊन बसल्या. कातरलेली चिंधी न् चिंधी त्यांनी पिशवीत भरून नेली. जाताना माझ्या अंबाड्यात अडकलेला दोरासुद्धा त्यांनी उपटून घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास हाय हो, पण जगावर नाही." एवढं सगळं जपून नेलं आणि चष्मा मात्र माझ्याच ओट्यावर विसरून गेल्या.

त्या बाई हसण्यावारी गेल्या. पुढची गोष्ट गेली नाही.

आमच्या शेजारी सिंधूवहिनींचं घर. त्यांची पल्लवी माझ्या अंगणात खेळून मोठी झाली. बी.एस्सी. होऊन चिखलीला एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायला जायची. तिचं लग्न धामणगाव बढे गावच्या महेशशी जमलं. मुलगा एकुलता एक. बापाच्या मागे आईनं वाढवलेला, शेती बरी, कृषी केंद्राचं दुकान. सिंधूवहिनी वाटेनं जाणाऱ्याला थांबवून सांगत होत्या. साखरपुड्याला मीही गेले होते. महेश दिसायला चांगला, बोलायला गोड, वाकून नमस्कार करणारा. त्याची आई, देवकाबाई, मात्र सगळा वेळ कोपऱ्यात बसून होती. पोराच्या साखरपुड्यात आई हसत नाही, हे माझ्या मनात राहिलं.

थोड्याच दिवसांनी त्याच देवकाबाई एसटीनं माझ्याकडे आल्या. सोबत मोठं गाठोडं. सुनेला आपल्या घरची गोधडी द्यायची आहे आणि विहीणबाईंनी तुमचं नाव सांगितलं, एवढंच बोलल्या.

मी विचारलं, "कपडे कोणाचे?"

"घरचेच हायत. माह्या साड्या अन् पोराचे शर्ट."

चहा अर्धा सोडून त्या निघाल्या. दारात थांबून मागं वळल्या आणि म्हणाल्या, "सगळे नीट उकलून पाहजा, बाई." मला वाटलं, फाटके कपडे वरच्या बाजूला यायला नकोत म्हणून सांगतात.

मी गाठोडं सोडलं. खरंच साड्या होत्या, शर्ट होते. एक हिरवी सुती साडी गुंडाळून ठेवली होती. ती उलगडली तर आतून लहान बाळाचे कपडे निघाले. एक झबलं, एक टोपडं, पायमोजे. झबल्यावर छोटे हत्ती छापलेले. गळ्यापाशी दुधाचा पिवळा डाग, धुऊनही न गेलेला.

मी ते हातात धरून बसले. महेश लहान असतानाचे म्हणावेत, तर तसलं कापड तेव्हा मिळत नव्हतं. आजकाल बाजाराच्या दिवशी ढिगानं विकतात त्यातलं ते. फार तर तीन-चार वर्षांपूर्वीचं. त्या घरात तर आई आणि बिनलग्नाचा मुलगा, दोघंच. मग हे बाळ कोणाचं?

आमचे हे शिवणाच्या मशीनवर बसले होते. शिंपीकाम करणारा माणूस, कापड पाहिलं की त्यांनाही कळतं. पण त्यांचा स्वभाव माझ्या उलटा.

"पावण्यारावळ्याच्या लेकराचे असन," ते म्हणाले.

"पाहुण्याच्या लेकराचे कपडे कोणी असे साडीत गुंडाळून ठेवते का?"

"तुले सगळ्यातच काळं दिसते. गोधडी शिव अन् मोकळी हो."

मी मोकळी झाले नाही. देवकाबाईंना फोन लावला. सरळ विचारलं, "गाठोड्यात बारके कपडे बी हायत. लावू का गोधडीत?"

 पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. मग देवकाबाई एकदम तुटक आवाजात म्हणाल्या, "ते चुकून आले असतीन. बाजूले ठेवा." आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी महेशची मोटरसायकल दारात. मोताळा, बुलढाणा, चिखली करत एवढ्या लांबून, भर उन्हात. सिंधूवहिनींच्या दाराकडे त्यानं पाहिलंही नाही. होणारा जावई सासुरवाडीला चुकवून माझ्या ओट्यावर येतो, तेव्हाच माझ्या मनात पक्कं झालं की काहीतरी आहे.

"मावशी, आईनं चुकून काही कपडे देले. ते न्यायले आलो."

"कोणाच्या लेकराचे हायत, बापू?"

"माह्या बहिणीच्या पोरीचे."

तो पटकन बोलून गेला आणि बोलल्यावर त्याच्याच लक्षात आलं. 

"एकुलता एक म्हणून साखरपुड्यात सांगतलं होतं नं?"

"चुलत बहीण."

"नाव काय तिचं? कोणत्या गावाले देली?"

तो उठून उभा राहिला. त्याच्या आवाजातला गोडवा गेला. "मावशी, तुमाले काय करायचं हाय? चिंध्यांचं काम करता, चिंध्यांचंच पाहा नं. कपडे द्या."

"कोणाचे हायत ते सांग. आता देते."

आमचे हे मशीन थांबवून दारात येऊन उभे राहिले. माझ्याशी कितीही वाद घातला तरी असल्या वेळी माझा नवरा माझ्याच बाजूला उभा राहतो. त्यांना पाहून महेश पुन्हा खाली बसला. मग हळूहळू सांगू लागला. त्याचं आधी लग्न झालं होतं. बायकोचं नाव शीतल, माहेर शेगावचं. मुलगी झाली आणि थोड्याच महिन्यांत शीतल काविळीनं गेली. मुलगी आरोही आता आजोळी, शेगावला. मधे दोन ठिकाणी सोयरीक जुळत आली होती. मुलीचं सांगितलं की लोक उठून जात. म्हणून या वेळी लांबच्या तालुक्यात स्थळ पाहिलं आणि सांगायचंच नाही असं ठरवलं.

"अन् लग्न झाल्यावर?"

"मंग हळूहळू सांगतलं असतं."

खरं सांगायचं तर त्याची दया आली मला. तरुण वयात बायको जाणं काय असतं, ते कोणाला सांगावं लागत नाही. पण त्याच वेळी दुसरंही मनात येत होतं. आत्ताच दोनदा खोटं बोललेला माणूस तिसऱ्यांदा खरं बोलतो हे कशावरून? शीतल खरंच वारली की हाकलून दिली? कावीळ की आणखी काही?

मी त्याला म्हटलं, "हे मी कोणाले सांगत नाही. तूच पल्लवीले सांग. येत्या बाजारापर्यंत वाट पाह्यतो आम्ही."

"सांगतो," तो म्हणाला. त्यानं माझे पाय धरले, गळ्याची शपथ घेतली. कपडे मी दिले नाहीत. तोही पुन्हा मागायला विसरला.

बाजाराचा दिवस आला. त्या दिवशी सिंधूवहिनी लग्नाच्या बांगड्यांचा रंग दाखवायला माझ्याकडे आल्या. पल्लवीही सोबत, हसत होती. त्या पोरीच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यानं काहीही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पल्लवीला गोधडीचा काठ पसंत करायच्या निमित्तानं बोलावून घेतलं आणि झबलं तिच्यासमोर ठेवलं. जे घडलं ते सगळं सांगितलं. तिनं पहिल्यांदा संशय घेतला तो माझ्यावर.

"काकू, तुम्हाले नक्की माहीत हाय? का नुस्तं वाटते?"

"त्यानं तोंडानं सांगतलं ते माहीत हाय. खरं किती, ते मलेही माहीत नाही."

तिनं त्या हत्तींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "शेगावले जाऊ. आईले दर्शनाले जातो म्हणून सांगते."

आम्ही खामगावावरून शेगावला गेलो. शीतलचं आडनाव महेशनं बोलता बोलता सांगितलं होतं आणि तिचे वडील स्टेशनाकडच्या एका लॉजवर कामाला आहेत हेही. त्यावर विचारत विचारत घर सापडलं. दार शीतलच्या आईनं उघडलं, पण अर्धंच. कोण, कुठल्या, काय काम, तिनं आम्हाला असं विचारलं की मला माझीच आठवण झाली. आम्ही महेशच्या ओळखीच्या म्हटल्यावर तिनं दार आणखी ओढून घेतलं.

"पोरीले न्यायले पाठवलं का तुमाले? ती जाणार नाही. सांगा त्याले."

मी पिशवीतून झबलं काढलं. बाईचा हात दारावरून सुटला.

"हे तर देवकाबाईजवळ होतं. आठवण म्हणून मागून नेलं होतं तिनं. तिनं देलं तुमाले?"

मग तिनं आत घेतलं. भिंतीवर हार घातलेला शीतलचा फोटो होता. पल्लवी त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्याच वयाची मुलगी फोटोतून पाहत होती. शीतलच्या आईनं सांगितलं त्यात महेशचं बोलणं बरंचसं खरं निघालं. कावीळ झाली, झाडपाल्यात दिवस गेले, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. जावयाबद्दल तिची तक्रार वेगळी होती. "आधी यायचा. पोरीले खाऊ आणायचा. लग्नाचं जमून राह्यलं तवापासून फोनही उचलत नाही. तिची आजी येते बिचारी, चोरून. दर्शनाले जातो म्हणून घरी सांगते अन् इथं येऊन बसते."

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. आम्हीही दर्शनाचंच सांगून आलो होतो.

आरोही आजीच्या पदरामागून डोकावत होती. पल्लवीनं तिला नाव विचारलं तर तिनं सांगितलं नाही. आम्ही निघेपर्यंत एक अक्षरही बोलली नाही.

 परतताना खामगावच्या स्टँडवर उतरलो, दुसऱ्या बसची वाट पाहत बाकावर बसलो, तेव्हा तिनं महेशला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"जेवण झालं का?" वगैरे झालं. मग तिनं विचारलं, "महेश, लग्नाच्या आधी तुले मले काही सांगायचं हाय का? काहीही असू दे. मी रागावणार नाही."

 बोल रे बाबा, मी मनात म्हटलं, आता तरी बोल. तिथं तो एक वाक्य बोलला असता, तर मला वाटतं, ती पोरगी त्याच्या लेकरासकट त्याची झाली असती.

"मले?" तो हसला. "काहीच नाही. काऊन? तुले काही सांगायचं हाय का?"

"नाही," पल्लवी म्हणाली आणि फोन ठेवला. मोबाइल पर्समध्ये घालून तिनं पर्सची चेन लावली. "काकू, लेकराचं मले काही नव्हतं," एवढंच म्हणाली. तेवढ्यात आमची बस लागली.

लग्न मोडलं. पल्लवीनं घरी आपल्या तोंडानं सगळं सांगितलं, तरी गावात बोल लागला तो मलाच. सिंधूवहिनी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्या नजरेनं मोडलं माह्या पोरीचं. कपडे पाहायचे सोडून लोकायचे संसार उसवत बसता." कित्येक महिने त्यांनी अंगण झाडतानाही माझ्याकडे पाठ ठेवली. आमच्या मधल्या भिंतीवरून वाटीभर कालवण यायचं-जायचं ते बंद झालं. माझी गिऱ्हाइकं तुटली. बायका गाठोडं आणायच्या तर आधी घरी चार वेळा झटकून, खिसे उलटे करून. एक तर स्पष्ट बोलली, "तुमच्या घरी कापड द्यायचं म्हणजे भेव वाटते." मी सांगायला हवं होतं की नको, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते. उत्तर दर वेळी तेच येतं, पण विचारायचं थांबत नाही. सिंधूवहिनींची मैत्री मला फार मोलाची होती.

पुढं पल्लवीला बुलढाण्याला नोकरी लागली. तिथंच एका सोबत काम करणाऱ्या मुलाशी तिनं लग्न केलं. मुलगा चांगला आहे. त्याच्या घरचीही मी गुपचूप चौकशी केली होती, हे पल्लवीला अजून माहीत नाही.

देवकाबाईंची गोधडी अर्धवट तशीच पडून होती. आता कोणी न्यायला येणार नाही असं धरून मी ती गुंडाळून ठेवली. आणि एका सकाळी देवकाबाई स्वतःच दारात उभ्या. मला वाटलं, भांडायला आल्या. आमचे हेसुद्धा मशीनवरून उठले.

त्या ओट्यावर बसल्या. पाणी प्यायल्या. मी म्हटलं, "बाई, तुमच्या पोराचं लग्न माह्यामुळं मोडलं. काय बोलायचं ते बोला."

"तुमच्यामुळं काऊन?" देवकाबाई म्हणाल्या. "गाठोडं तं मीच बांधलं होतं."

मला आधी उमगलं नाही.

"बाई, मीही घरच्या गोधड्या शिवल्या हायत. काय आत गेलं अन् काय बाहेर राह्यलं, मले कळत नाही का? साखरपुड्यात तुमाले पाह्यलं. सगळे जेवत होते अन् तुम्ही माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या. म्हटलं, ही बाई विचारल्याबिगर राहायची नाही. विहीणबाईले म्या मुद्दाम विचारलं, ह्या कोण म्हणून."

"अन् फोनवर चुकून आले म्हणाल्या ते?"

"तो बाजूले बसला होता. फोन त्याच्याच हातात होता. मले तं पोरानं शपथ घातली होती, नातीचं नाव काढशीन तं माह्यं मेलेलं तोंड पाह्यशीन म्हणून. सांगता येत नव्हतं. झबलं तं देता येत होतं."

त्या शांतपणे बोलत होत्या, पण हाताची बोटं पदराच्या काठावरून फिरत होती. इतके दिवस मी समजत होते की गाठोड्यात मी काहीतरी पकडलं. या बाईनं तर मलाच दोऱ्यासारखं सुईत ओवलं होतं. राग यायला हवा होता. गाव माझ्याशी बोलायचं बंद झालं ते हिच्यामुळं. पण मी तिच्याकडे पाहिलं आणि राग काही आला नाही.

"पोरगा बोलते का तुमच्याशी?" मी विचारलं.

"आधी नव्हता बोलत. आता जेवाले वाढ म्हणते." त्या जराशा हसल्या. "लपवाले काही राह्यलंच नाही तवा पोरीले घरी आणली. सुट्टीपुरती आणली होती, आता राह्यते म्हणते. तिच्यासाठीच आली मी. हिरव्या साडीची बारकी गोधडी करून द्या. ती साडी शीतलची होती. झबलं वर लावा, हत्ती दिसले पाह्यजे."

मग त्यांनी रस्त्याकडे हाक मारली. झाडाच्या सावलीत मोटरसायकल उभी होती. महेश तिच्यावर पाठमोरा बसला होता. तो आत आला नाही आणि मीही बोलावलं नाही. त्याच्या पुढ्यातून आरोही उतरली आणि आजीकडे धावत आली. शेगावला पाहिली होती त्यापेक्षा उंच झाली होती.

अंगापेक्षा गोधडी किती मोठी करायची, ते पाहण्यासाठी मी टेप घेऊन तिच्याजवळ गेले. तिनं आधी टेपकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या कात्रीकडे. दोन्ही मुठींत आपला फ्रॉक घट्ट पकडला आणि दोन पावलं मागं सरली.

"हा माहा हाय," ती म्हणाली. "हा कापायचा नाही."

"नाही कापत, माय," मी म्हटलं.

तिचा विश्वास बसला नाही. मी टेप खाली ठेवली, कात्री उचलून आत नेली, परत आले आणि मोकळे हात तिला दाखवले. ती माझ्या पाठीमागं जाऊन पाहून आली.